शेपटीवाली क्रियापदं आणि जिन्याची खुर्ची

धाकटीला टायरच्या दुकानात बसायचं नव्हतं. इथूनच सुरू करायला हवं, नाहीतर पुढे तिनं जे केलं ते तुम्हाला शुद्ध वेडेपणा वाटेल. दुकान तिच्या दादाचं. टायरच्या चळती, मधे काउंटर, काउंटरमागे उंच स्टूल, आणि स्टुलावर दादानं सहा महिन्यांपूर्वीच आणून ठेवलेली नवीकोरी निळी उशी. ती धाकटीसाठी. तिला ऑफिसात नोकरी लागली तेव्हाच तो म्हणाला होता, "सहा महिने तुझे. कायम झालीस तर मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाही झालीस तर एक तारखेला सकाळी नऊ वाजता उशीवर." आणि मग रोज जेवताना, ताटावरून मान वर न करता, "उशी विचारत होती तुला."

आता धाकटीला येतं काय, तर इटालियन. तेही असंतसं नाही. तिचे मावसा इटालियन. मावशीनं त्यांना कुठून शोधून काढलं ते मावशीलाच माहीत. मावसांचं केस कापायचं दुकान होतं. सात वर्षांची असल्यापासून धाकटी शाळा सुटली की तिथल्या बाकावर जाऊन बसायची, आणि मावसा कात्री चालवता चालवता गिऱ्हाइकाशी, रेडिओशी, आरशाशी आणि कधीच वारलेल्या नातेवाइकांशी इटालियनमधे भांडायचे. ती तिथे शिकली. त्यामुळे तिच्या इटालियनला व्याकरण नंतर आलं, धार आधी.

ऑफिस भाषांतराचं. तिसरा मजला, खाली दाताचा दवाखाना, दिवसभर पायाखालून ड्रिलचा आवाज आणि मधूनच कुणाचं तरी कळवळणं. इंग्रजी माहितीपत्रकं यायची, इथून इटालियन होऊन जायची, पलीकडच्या खोलीतून फिनिश. आणि इंग्रजीत एक जमात असते, फ्रेजल व्हर्ब म्हणतात तिला. साधं गरीब क्रियापद घ्यायचं, गेट, सेट, होल्ड, त्याला मागून अप, ऑफ, ऑन असलं शेपूट चिकटवायचं, की ते क्रियापद सख्ख्या आईबापांनाही ओळख दाखवत नाही. ऑफिसात त्यांना नुसतं शेपटीवाले म्हणायचे. इटालियनमधे ही शेपटीची हौस बरीच कमी. म्हणजे प्रत्येक वेळी थांबायचं, हा बाबा आत्ता इथे काय म्हणतोय ते बघायचं, आणि अशा वेळी इटालियन माणूस काय बोलेल ते लिहायचं.

निदान धाकटीची तशी समजूत होती.

ऑफिसात थांबून बघायची पद्धत नव्हती. ऑफिसात पिवळी यादी होती. बाराशे बारा शेपटीवाले, प्रत्येकापुढे एक इटालियन शब्द. एकच. आणि यादी बनली कशी, ते ऐका. जो शेपटीवाला ज्या कामात पहिल्यांदा आला, त्या कामातला अर्थ त्याला जन्माचा चिकटला. 'सेट ऑफ' पहिल्यांदा आला तो दगडखाणीच्या सुरुंगांच्या कामात, म्हणून त्याच्यापुढे 'स्फोट घडवणे'. साधं निघणं, प्रवासाला निघणं, हाही त्याचा अर्थ, पण तो बिचारा उशिरा आला, तोवर जागा भरलेली. 'होल्ड ऑन' टेलिफोन ऑपरेटरच्या पुस्तिकेतून आला, म्हणून 'वाट बघणे'. 'गेट ऑफ' वकिलाच्या फायलीतून, म्हणून 'निर्दोष सुटणे'. 'फोल्ड अप' बुडालेल्या कंपन्यांच्या अहवालातून, म्हणून 'दिवाळं निघणे'. यादीत बदल करायचा तर तीन प्रतींत अर्ज, आणि समितीची सही. समितीत ऑफिसच्या मॅडम, मॅडमचे यजमान आणि मॅडमची नणंद. तिघांपैकी कुणालाही इटालियन येत नाही. एकोणीस वर्षांत एकच बदल मंजूर झाला होता, तो म्हणजे फाटलेलं पान पुन्हा टाइप करायचा.

धाकटीनं पहिल्या आठवड्यात सतरा अर्ज दिले. मॅडम हसून म्हणाल्या, "हुशार आहेस. जाईल हळूहळू."

शेजारच्या टेबलावर एक जुना माणूस बसायचा, त्याला सगळे अठ्ठ्याण्णव म्हणायचे, कारण त्याची जुळणी अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या खाली कधी उतरलीच नाही. जुळणी म्हणजे काय, तर तुमचं भाषांतर झालं की ते मागच्या खोलीत उलटेकाकांकडे जायचं. उलटेकाका ते इटालियनचं पुन्हा इंग्रजी करायचे आणि मूळ इंग्रजीशी ताडून बघायचे. शेपटीवाले किती जुळले त्याचा टक्का काढायचा, तो वहीत चढवायचा, आणि ज्या पानावर जुळणी सापडली त्या पानावर शिक्का मारायचा. शिक्का नसलेला कागद ऑफिसबाहेर जात नसे.

अठ्ठ्याण्णवची जुळणी अठ्ठ्याण्णव. धाकटीची सर्वात चांगली जुळणी चोपन्न. आणि कायम व्हायला सहाव्या महिन्यातल्या शेवटच्या कामाला नव्वद लागत.

"पण माझं बरोबर आहे," ती एकदा अठ्ठ्याण्णवला म्हणाली. "इटलीतल्या कुणालाही विचारा."

"इटलीतल्या लोकांना विचारून कोण कायम झालंय इथे?" तो म्हणाला. "मला बघ. मला इटालियनमधे पाणी मागता येत नाही. पण यादी पाठ आहे. तुझं उलट आहे, म्हणून तुझे हाल."

शेवटचं काम आलं ते जिन्याच्या खुर्चीचं. म्हणजे ज्या म्हाताऱ्या माणसांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी कठड्याला रूळ बसवतात, त्यावरून खुर्ची सरकत वर जाते, तिचं माहितीपत्रक. चार पानं, चाळीस शेपटीवाले. धाकटीनं आधी यादीप्रमाणे केलं, मग आपल्या मनासारखं केलं, आणि रविवारी दोन्ही घेऊन गेली मावसांकडे.

मावसांनी स्वयंपाकघरातली खुर्ची मधोमध ओढली, चष्मा लावला आणि यादीवाला कागद घेऊन बसले. त्यांचं मराठी मावशीनं शिकवलेलं, त्यामुळे सगळ्या वाक्यांना मावशीचा ठसका.

"पहिली ओळ. स्फोट घडवण्यापूर्वी पट्टा बांधा." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बांधतो. शहाणपणाचं आहे. दुसरी. हाताच्या दांडीची वाट बघा."

आणि खरंच वाट बघत बसले. एक मिनिट झालं. दोन झाली.

"अहो, हे काय?" मावशी म्हणाली.

"दांडी येतेय. कागदावर लिहिलंय."

"मावसा, पुढचं वाचा ना," धाकटी म्हणाली.

"वर पोचल्यावर निर्दोष सुटा." मावसा उठून उभे राहिले आणि मावशीपुढे हात जोडले. "मी काही केलं नाही, चावी तूच हरवलीस. आता शेवटचं. मग खुर्चीच्या बैठकीचं दिवाळं काढा." त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "धाकटे, ही खुर्ची मी घेणार नाही. मी खालीच राहीन. जिन्याखाली झोपेन."

मावशी हसून हसून ओट्याला टेकली. धाकटीही हसली. तिनं दुसरा कागद पुढे केला. मावसांनी तो वाचला आणि काही न बोलता सगळं केलं. बसले, पट्टा बांधला, दांडी धरली, वर गेल्यासारखं केलं, सावकाश उतरले, बैठक दुमडली. मग म्हणाले, "हा माणूस मला ओळखतो. हाच पाठव."

"हा पाठवला तर शून्य टक्के. मग उशी."

"मग तो पाठव."

"तो पाठवला तर कुणीतरी म्हातारं जिन्याच्या मधोमध दांडीची वाट बघत बसेल."

मावसांनी चष्मा पुसला. "मग तू तुझ्या डोक्यानं काहीतरी कर. माझं डोकं केस कापायला होतं."

आणि धाकटीनं डोक्यानं केलं. तिनं आपली चार पानं, मावसांनी पास केलेली, जशीच्या तशी ठेवली. त्यांना पाचवं पान जोडलं. त्यावर मथळा, 'पूरक शब्द', आणि खाली पिवळ्या यादीतले चाळीसच्या चाळीस शब्द, ओळीनं, एकाखाली एक. वाचणारा वाचेल चार पानं, उलटेकाकांना सापडतील पाचव्यावरचे चाळीस, आणि दोघंही खूश. तुम्हीच सांगा, कुणाला सुचलं असतं?

सोमवारी काम मागच्या खोलीत गेलं. मंगळवारी दुपारी मॅडम स्वतः वही घेऊन तिच्या टेबलापाशी आल्या.

"शंभर," त्या म्हणाल्या. "ऑफिसच्या इतिहासात शंभर नव्हते कुणाला."

अठ्ठ्याण्णव खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच राहिला. बिचाऱ्याचं नावच एका झटक्यात दुसऱ्या नंबरवर गेलं. मॅडमनी कायम झाल्याचं पत्र दिलं, जुळणीचा दाखला फ्रेममधे घालून दारासमोरच्या भिंतीवर लावला, आणि सगळ्यांना केक. धाकटीनं दादाला फोन केला. "उशीला सांग, मी येत नाहीये." दादा म्हणाला, "बरं. अभिनंदन. उशी मांजराला देतो."

तिला वाटलं, चला, सगळं पार पडलं. आणि केकची एक बशी उलटेकाकांना द्यावी म्हणून ती मागच्या खोलीत गेली. तिथपर्यंत सहा महिन्यांत ती कधी गेलीच नव्हती. कोणीच जात नसे.

उलटेकाका छोटेसे, नीटनेटके, शर्टाच्या बाह्या रबरबँडनं वर केलेल्या. समोर लाकडी ड्रॉवर, ड्रॉवरमधे शेकडो कार्डं. आणि टेबलाच्या कडेला तारेची टोपली, तिच्यावर चिठ्ठी, 'बिनशिक्का'. टोपलीत सगळ्यात वर धाकटीची चार पानं.

"काका," ती म्हणाली, "ही इथे कशी?"

"त्यांच्यावर काहीच जुळलं नाही गं. एकही नाही. शिक्का कशावर मारू? पाचवं पान मात्र काय केलंयस, वा. तेवढं अकरा वाजता पाकिटातून गेलं."

धाकटीच्या हातातली बशी कलली. म्हणजे खुर्चीवाल्या कंपनीला गेलं ते एकच पान. त्यावर चाळीस शब्द, एकाखाली एक. स्फोट घडवणे. वाट बघणे. निर्दोष सुटणे. आणि कंपनीतही कुणाला इटालियन येत नाही, म्हणून तर काम इथे दिलेलं. उद्या सकाळी छापायला सुरुवात.

"काका, तुम्ही ही चार पानं वाचलीत तरी का?"

"वाचू कशी? मला इटालियन येत नाही."

तिनं बशी टेबलावर ठेवली.

"हे बघ," उलटेकाकांनी प्रेमानं ड्रॉवर ओढला, "पिवळी यादी उलटी करून मी कार्डं बनवलीत. इटालियन शब्द दिसला की कार्ड काढायचं, मागे इंग्रजी. एकोणीस वर्षं. एक चूक नाही."

"पण तपासणीला तुम्हाला इटालियन यायला नको का?"

"मला आलं तर तपासणी निष्पक्ष कशी राहील?" काका म्हणाले. त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं होतं.

आता बघा. गप्प बसली असती तर पत्र खिशात होतं, फ्रेम भिंतीवर होती, उशी मांजराला गेली होती. पण धाकटीच्या डोळ्यांपुढे एक म्हातारी यायला लागली, कुठल्यातरी जिन्याच्या तळाशी, हातात एक कागद, कागदावर चाळीस शब्द. ती काकांच्या समोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काका, एकदाच, कार्डांशिवाय तपासाल?"

"कसं?"

तिनं मावसांना फोन लावला, स्पीकर सुरू केला, आणि इटालियनमधली पहिली ओळ वाचली. "मावसा, याचा अर्थ सांगा. विनोद नको."

फोनमधून मावसांचा आवाज आला. "निघायच्या आधी पट्टा बांधा."

"लिहा काका."

काकांनी लिहिलं. दुसरी ओळ. "हाताच्या दांडीला घट्ट धरून बसा." काकांनी लिहिलं. अशा चारही पानांच्या ओळी झाल्या, मधे एकदा मावशीनं फोन ओढून घेऊन "धाकटे, जेवलीस का?" विचारलं, तेही काकांनी चुकून लिहिलं आणि मग खोडलं. शेवटी त्यांनी मूळ इंग्रजी काढलं आणि बोट ठेवून, ओळीला ओळ, ताडून बघितलं. बराच वेळ.

"हे तर तेच आहे," काका हळू आवाजात म्हणाले. "सगळंच्या सगळं. कार्डं न काढता."

"मग मारता शिक्का?"

काकांनी शिक्का उचलला, शाईला लावला आणि हवेत धरला. "मारतो. पण मी आयुष्यात वहीत खोटं लिहिलेलं नाही. ही पानं बाहेर गेली की यांची जुळणी लिहावी लागेल. चाळीसपैकी शून्य. पाचव्याचे शंभर, यांचे शून्य. मिळून पन्नास. तुला नव्वद लागतात ना?"

"लागतात."

"कायमचं पत्र मिळालंय ना तुला?"

"आत्ताच. एक तास झाला."

खालून ड्रिलचा आवाज येत होता. धाकटीनं केकची बशी बाजूला सरकवली आणि चारही पानं सरळ करून त्यांच्यापुढे ठेवली. "मारा काका."

त्यांनी मारले, चारही, आणि कोपऱ्यात न मारता अगदी मधोमध मारले. मग रवानगीची वेळ संपायच्या आत स्वतः जिना उतरून पाकीट देऊन आले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना लोकांनी जिन्यात बघितलं. धाकटीनं खुर्चीवाल्या कंपनीला फोन करून सांगितलं, ते एक पान फेकून द्या, चार पानं येतायत, तीच छापा. पलीकडची बाई म्हणाली, "शिक्का आहे ना? मग आमचं काही म्हणणं नाही."

बुधवारी मॅडमनी बोलावलं. समोर वही उघडी. पन्नास.

"आता मी काय करू?" मॅडम म्हणाल्या. "शंभरची फ्रेम लागलीय. नणंदबाईंनी फोटो काढून सगळ्यांना पाठवलाय. ती आता काढता येत नाही. आणि तुझे पन्नास झालेत, तेही काढता येत नाहीत."

"मॅडम, पानं बरोबर आहेत. काकांनी अर्थ ताडून बघितलाय."

"बरोबर-चूक हा आपला विषयच नाही गं. आपला विषय जुळणी." त्यांनी वही मिटली. "पण मी तुला सोडणार नाही. कायमच ठेवणार. उलट तपासणीत घेते तुला."

धाकटीचा चेहरा उजळला. "इटालियनच्या?"

"इटालियन तुला येतं. तिथे कशी घेणार? फिनिशमधे जागा आहे. फिनिश येतं का तुला?"

"एक अक्षर नाही."

"झालं तर," मॅडम समाधानानं म्हणाल्या. "कार्डं तयार आहेत."

"मी फिनिश शिकले तर?"

"तर काढून टाकावं लागेल."

धाकटी दारापर्यंत गेली. भिंतीवर फ्रेम होती, शंभर टक्के, खाली तिचं नाव. टेबलामागून अठ्ठ्याण्णव तिच्याकडे बघत होता, त्याच्या नजरेत आशा होती, कारण ती गेली तर तो पुन्हा पहिला. ती परत फिरली, कायम झाल्याचं पत्र मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, एक तारखेपासून मला एका उशीनं बोलावलंय."

दादा एक शब्द बोलला नाही, त्याचं कौतुक करायला हवं. फक्त उशी झटकून दिली. मांजराचे केस होते.

तिसऱ्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक आलं. उंच, घामाघूम, आणि आपल्या गाडीपासून चांगलं वीस पावलं लांब उभं. आत यायचं नाव नाही. हातवारे करत काहीतरी सांगत होतं, दादाला काही कळेना, दुकानातल्या कुणालाच कळेना. धाकटीनं मान वर केली. ते इटालियन होतं, आणि चांगलं सणसणीत, मावसांच्या दुकानातलं.

"काय म्हणतोय?" दादानं विचारलं.

"काल आपल्याकडून चार टायर घेतलेत त्यानं. आता गाडीत बसायला तयार नाही."

"का?"

धाकटीनं बाहेर जाऊन त्याच्या हातातलं टायरचं माहितीपत्रक घेतलं. पाच भाषांतलं. इटालियन भागाची पहिलीच ओळ होती, 'स्फोट घडवण्यापूर्वी चारही टायर तपासा.' खाली ऑफिसचा ओळखीचा शिक्काही छापलेला. जुळणी अठ्ठ्याण्णव टक्केच असणार.

तिनं त्या माणसाला चार वाक्यांत समजावलं. तो आधी तिच्याकडे बघत राहिला, मग गाडीकडे, मग हसत सुटला, गाडीत जाऊन बसला, आणि जाताना आणखी एक टायर घेतला, उगीचच. दादा दारात उभा राहून हे सगळं बघत होता.

"अशी पत्रकं आणखी आहेत का आपल्याकडे?" धाकटीनं विचारलं.

"मागे खोकी पडलीत. आठ-दहा."

"आण."

तो एकेक खोकं आणून काउंटरवर ठेवायला लागला, आणि धाकटीनं उशी जरा पुढे ओढून पेनाचं टोपण काढलं.